ड्रायरमधली सुकेळी

मी ज्या शेडमध्ये नोकरी केली तिथे कसला वास यायचा, ते मी कुणाला जेवणाआधी सांगत नाही आणि जेवणानंतर तर मुळीच सांगत नाही. मधल्या वेळात कुणी विचारलंच तर सांगते, आणि मग समोरचा माणूस चहा अर्धा ठेवून उठतो. माझा इलाज नाही. इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या दाराला ताजा रंग दिलेला असला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. खाण्याचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. लग्न होऊन मी डोंबिवलीहून वसईजवळ उमेळ्याला आले. नवरा कॉलेजातला, लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. तो मुंबईला बँकेत जायचा, उजाडायच्या आत निघायचा आणि रात्री जेवायला परत यायचा, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात तो होता असं काही म्हणता येत नाही. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांची वाडी होती, म्हणजे बागायत. घरामागे नारळ, पानवेली, मोगरा, आणि विहिरीच्या पलीकडे राजेळी केळीचा एक तुकडा. वाडीच्या पार टोकाला रस्त्याच्या कडेला सासऱ्यांनी पत्र्याची शेड बांधून भाड्याने दिली होती. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या, कोण कुठे काय बांधतंय हे विचारणारं कुणी नव्हतं.

शेड ज्याने घेतली त्याला सगळे शेठ म्हणत. गोखिवऱ्याला त्याचा मोठा गाळा होता, तिथे जागा पुरेना म्हणून हा इथला. माणूस गोड बोलणारा. सासऱ्यांना काका, सासूबाईंना काकी, दिवाळीला मिठाई, गणपतीला नारळ. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेतली होती, हे कळल्यावर त्याने सासऱ्यांना सांगितलं की सूनबाईंना पाठवा, घरच्या घरी नोकरी. सासऱ्यांना केवढा आनंद. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, पांढरा कोट, टेबल, काचेच्या नळ्या. टेबल होतं. बाकी सगळं पुढे सांगते.

शेडमध्ये चालायचं ते असं. रंगाच्या, औषधांच्या, पॉलिशच्या कारखान्यांत हवेत सुटलेलं सॉल्व्हंट धरायला दाणेदार कोळसा वापरतात. साधा चुलीतला कोळसा नव्हे. याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात आणि जवळून जाईल तो वास तो पिऊन टाकतो. पिऊन पिऊन त्याचं पोट भरलं की तो निकामी. असा फुगलेला कोळसा पोत्यांत भरून आमच्याकडे यायचा. आम्ही तो एका उंच टाकीत भरायचो आणि खालून बॉयलरची वाफ सोडायचो. गरम वाफ लागली की कोळसा प्यायलेलं सगळं ओकतो. ती वाफ थंड केली की खाली पाणी आणि वर सॉल्व्हंट. सॉल्व्हंट ड्रममध्ये भरून विकायचं, कोळसा ओलाचिंब निघायचा तो ड्रायरमध्ये सुकवायचा आणि ज्याचा त्याला परत पाठवायचा. ड्रायर म्हणजे लोखंडी कपाट, आत ट्रेवर ट्रे, मागे हीटर आणि पंखा. शेठ नव्या माणसाला हे सगळं एका वाक्यात समजवायचा. म्हणायचा, आपण कोळशाला जुलाब देतो. आणि स्वतःच खो खो हसायचा.

कामाला मी नावं ठेवत नाही. जी वस्तू एकदा वापरून फेकायची ती तापवून पुन्हा वापरता आली तर वाईट काय आहे त्यात. नीट करणारे नीट करत असतील. आमच्याकडे नीट काहीच नव्हतं. वाफ पुरेशी वेळ सोडली तर डिझेल जास्त जळतं, म्हणून अर्धवट सोडायची. कोळशाच्या पोटात निम्मं तसंच राहायचं आणि ते मग ड्रायरमध्ये बाहेर पडायचं. ड्रायरचं दार उघडलं की जो भपका यायचा त्याने डोळे चुरचुरायचे आणि जिभेवर साय धरल्यासारखं काहीतरी बसायचं. एका कारखान्याच्या मालाला कुजक्या माशाचा वास होता. एकाचा गोडसर, डोकं धरणारा. ड्रायरच्या भिंतींना आतून चिकट तपकिरी थर बसलेला होता, नखाने खरवडला तर नखात राहायचा आणि दोन दिवस जायचा नाही. त्याच हाताने मी भाकरी मोडायची. शी. आता लिहितानासुद्धा मी हात धुऊन आले.

शेडमधून घरी आले की मला सरळ घरात यायची परवानगी नव्हती. मागच्या दाराने न्हाणीत जायचं, कपडे तिथेच बादलीत, डोक्यावरून अंघोळ, आणि मग स्वयंपाकघर. हा सासूबाईंचा नियम. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा. मनात म्हणायची, नोकरी करायला पाठवायचं आणि वर विटाळ पाळायचा. पण तो विटाळ नव्हता. ते सुकेळ्यांसाठी होतं.

सुकेळी म्हणजे सुकवलेली राजेळी केळी. वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. पाऊस सरला की पिकलेली राजेळी सोलायची, कामट्यांच्या मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करायची, हाताने हलकेच दाबायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी ऊन. आठवडाभराने ती काळसर तपकिरी होतात, मधासारखा रस वर येतो, आणि मग केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधून ठेवायची. सासूबाईंच्या हाताला त्याचं वळण होतं. पूर्वी गल्लीतल्या सगळ्या घरांत सुकेळी व्हायची. मी आले तेव्हा आमच्या बाजूला त्यांचं एकच घर उरलं होतं.

मांडव घातला की घरात नियम सुरू. सुकट भाजायची नाही. बोंबील तर अंगणातही आणायचे नाहीत. उदबत्ती देवघरातच, आणि देवघराचं दार लावून. डोक्याला तेल लावून मांडवात जायचं नाही, पावडर लावून नाही, मोगऱ्याचा गजरासुद्धा बाहेर काढून ठेवायचा. सासूबाईंचं म्हणणं, केळं सुकताना श्वास घेतं, जवळ जे असेल ते आत ओढतं. मी कपाळाला हात लावला होता. शेडमध्ये दिवसभर जो कोळसा बघत होते त्याचीच गोष्ट ही बाई मला मांडवाखाली उभी राहून सांगत होती. तेव्हापासून मी न्हाणीतून निघाल्यावरही मांडवाच्या चार हात लांबूनच जायची. त्या दुरून बघायच्या आणि मान हलवायच्या. आमचं त्यानंतर बरं जमायला लागलं.

शेठचा धंदा वाढत होता. त्याला शेजारी दुसरी शेड हवी होती आणि शेजारी होता राजेळीचा तुकडा. सासऱ्यांना त्या तुकड्याचं काही राहिलं नव्हतं. पाणी द्या, खोडं बदला, घड उतरवा, आणि शेवटी हाताशी काय, तर चार टोपल्या सुकेळी. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. त्यांचं बोलणं चुकीचं होतं असंही नाही, गुडघे त्यांचे दुखायचे, बाईंचे नव्हे. पण सासूबाई ऐकेनात. घरात दोघं एकमेकांशी त्यांच्या वाडवळी बोलीत बोलायची, भांडायचीही त्यातच, आणि मला अर्धं समजायचं. एवढं नक्की समजलं की शेवटी एक करार ठरला. दादरचा एक मिठाईचा व्यापारी बऱ्याच वर्षांपासून त्यांची थोडी थोडी सुकेळी न्यायचा. या दिवाळीला त्याने सगळा माल मागितला होता आणि आवडला तर दरवर्षी घेईन म्हणाला होता. व्यापाऱ्याने माल उचलला तर राजेळी राहील. नाही उचलला तर केळी तोडायची आणि शेड बांधायची. सासूबाई मान्य म्हणाल्या. त्यांना आपल्या सुकेळ्यांची खात्री होती, फक्त आभाळाची कुणी दिली नव्हती.

त्या वर्षी पाऊस गेला असं वाटत होतं. घड उतरवले, पिकवले, सासूबाईंनी आणि मी, मी म्हणजे रविवारी, सकाळपासून डोकं धुऊन, सोलून मांडवावर घातले. सगळा तुकडा रिकामा केला होता, मागे काही राखलं नव्हतं. पहिला दिवस लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि ते हटेचना. पाऊस धड पडेना, ऊन धड पडेना. दमट, चिकचिकीत हवा. केळी मऊ पडली, त्यांना पाणी सुटलं. मग आंबूस वास यायला लागला. माश्या. सासूबाई मांडवाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बघायच्या, मग धूर लागेल म्हणून काढायच्या. ओसरीवर कपड्याने माश्या हाकत बसायच्या आणि दर थोड्या वेळाने उठून आभाळ बघून यायच्या. जेवायला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे शेडमधून आले ते खुशीत. म्हणाले, घरात भट्टी असताना आपण उन्हाकडे का बघतोय. शेठशी त्यांचं बोलणं झालं होतं. ड्रायर उद्या मोकळा आहे, शेठ ट्रे धुऊन देणार आहे, पैसे घेणार नाही, काकींचं काम म्हणजे घरचं काम. मंद आचेवर ठेवलं की एका दिवसात सुकेल, माशी नाही, धूळ नाही.

मला वाटलं ते मस्करी करतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी सांगितलं, बाबा, तो ड्रायर नका वापरू, त्याच्या भिंतींमध्ये मुरलंय सगळं, तापला की बाहेर येईल. कालपर्यंत त्यात काय सुकत होतं ते मी बघितलंय. ते म्हणाले, अगं, ट्रे धुणार आहेत ना. मी म्हटलं, भिंती कोण धुणार? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय आगाऊ सून आहे. एरवी मला कौतुकाने शिकलेली सून म्हणणारे सासरे त्या दिवशी म्हणाले की पुस्तकात असेल तुझ्या.

 रात्रीच्या भांड्यांना बसलो तेव्हा सासूबाईंनी हळूच विचारलं की धुतल्यावर तो वास जातो का. मी नाही म्हटलं. त्यांनी पातेलं घासून ठेवलं, मग दुसरं घेतलं. त्यांना ते माहीतच होतं. मला न्हाणीत कोण पाठवत होतं रोज. पण मांडवावर केळी आंबत होती आणि व्यापारी रविवारी यायचा होता. उन्हात सुकवायचं म्हटलं तर ऊनच नव्हतं. सकाळी त्यांनी स्वतः टोपल्या भरून दिल्या.

मी ती धुलाई बघितली. शेठने साबणाच्या पाण्याने ट्रे धुतले, म्हणजे ज्या फडक्याने मशीन पुसतात त्याच फडक्याने. पाणी काळं, मग राखाडी, मग राखाडीच. पुढे त्याने मान डोलावली आणि तेवढ्यावर भागवलं. ड्रायरच्या दाराला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा मला दिला. मी तो मुठीत धरून बाहेर गेले आणि चिंचेखाली टाकला. सासूबाईंनी दाबून, निवडून, इतक्या निगुतीने आणलेली केळी त्या ट्रेवर ओळीने लावली गेली आणि कपाटाचं दार बंद झालं. पंखा सुरू झाला. मी टेबलाशी जाऊन बसले.

संध्याकाळी दार उघडलं. मी सांगते, तशी सुंदर सुकेळी मी आयुष्यात बघितली नव्हती. एकसारखी सोनेरी, डाग नाही, सुरकुत्याही नेटक्या. शेठने टाळी वाजवली. सासरे तर हरखलेच. आणि वास. अख्खी शेड केळ्याच्या वासाने भरून गेली होती. असा घमघमाट, की पिकल्या केळ्याचा असावा आणि तरीही पिकल्या केळ्याला कधी येत नाही असा. तीक्ष्ण, गोड, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. सासरे मला म्हणाले, बघ, कुठे आहे तुझा वास?

मला हसावं की रडावं कळेना. फर्निचरच्या पॉलिशमध्ये एक सॉल्व्हंट असतं, त्याला हुबेहूब केळ्याचा वास येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही ते बनवलं होतं, मुली एकमेकींना हुंगायला द्यायच्या आणि हसायच्या. त्या आठवड्यात पॉलिशच्या कारखान्याचा कोळसा आला होता, ड्रायरमध्ये तोच सुकला होता, भिंतींत तोच मुरला होता. केळ्यांनी तो ओढून घेतला. कुजक्या माशाचा वास लागला असता तर निदान सासऱ्यांना पटलं असतं. नेमका केळ्याचाच लागला.

घरी आणल्यावर सासूबाईंनी एक सुकेळं उचललं. नाकाशी नेलं, लांब केलं, पुन्हा नेलं. सुकेळ्याला केळ्याचा वास येत नसतो. त्याला गुळाचा, किंचित आंबट, उन्हाचा वास असतो. ताज्या केळ्याचा वास त्यातून केव्हाच गेलेला असतो. त्यांनी एक घास तोडला, चावला, आणि अंगणात जाऊन थुंकला. चूळ भरली. पुन्हा भरली. मीही खाऊन बघितलं. आधी गोड, मग जीभ बधिर, आणि मग घशात वार्निश दिलेलं लाकूड चाटल्यासारखं. रात्रभर ढेकर त्याचेच. मला आजही केळं सोलून खाता येत नाही, हे मी हसत सांगत नाही.

सासरे मात्र दोन खाऊन म्हणाले, चांगली आहेत, उगाच दोघींचं काहीतरी. खरंच त्यांना चांगली लागली की काय देव जाणे. टोपल्या ओसरीवर ठेवल्या होत्या. सुकेळी ओसरीवर ठेवली की मुंग्यांना आवर घालता येत नाही, टोपलीखाली पाण्याच्या ताटल्या ठेवाव्या लागतात. सासूबाईंनी सवयीने ताटल्या ठेवल्या. सकाळी उठून बघितलं तर पाण्यात एकही मुंगी नव्हती. त्यांनी ताटल्या काढून घेतल्या, तरी संध्याकाळपर्यंत मुंगी फिरकली नाही. त्यांनी मला बोलावून दाखवलं, आणि ताटल्या धुऊन जागेवर ठेवल्या.

रविवारी व्यापारी आला. जाडसर, घाम पुसत, बोलायला बरा. सासऱ्यांनी खुर्ची दिली, सरबत आलं. शेठही येऊन बसला होता, कशाला ते त्यालाच ठाऊक. माल उचलला तर त्याची दुसरी शेड हातची जाणार होती आणि तरी आपल्या ड्रायरचं कौतुक ऐकायचा मोह त्याला आवरला नसावा. व्यापाऱ्याने टोपलीवरचं फडकं काढलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. म्हणाला की एवढी वर्षं तुमची सुकेळी नेतोय, असा वास नव्हता कधी. रंग बघा म्हणाला. मग एक खाल्लं, अर्धं, आणि दुसरं अर्धं खिशातल्या रुमालात गुंडाळलं, घरी दाखवायला. सगळा माल नेतो म्हणाला, आणि पुढच्या वर्षीही असाच हवा, अगदी असाच.

सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं. राजेळी राहिली होती. एवढ्या दिवसांची त्यांची कटकट मिटली होती, आणि खरं तर तेही खूश दिसत होते, बायकोची जीत झाली म्हणून. मी दाराच्या चौकटीत उभी होते. मला एवढंच वाटत होतं की आता या बाईंनी गप्प बसावं, केळी वाचतायत, गप्प बसावं. आणि त्याच वेळी घशात तो ढेकर.

सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, आमच्या मराठीत, सगळ्यांना कळावं अशा, "तू सांग यांना. हा वास कशाचा आहे?"

मी सांगितलं. शेडमधल्या कोळशाचा, पॉलिशच्या कारखान्याचा, केळ्याचा नव्हे. शेठ खुर्चीत चुळबुळला आणि म्हणाला की ट्रे धुतले होते. सासऱ्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं व्यापारी आता तोंडातलं थुंकेल, रुमाल फेकेल, चार शब्द सुनावेल. त्याने काय केलं असेल? त्याने घास गिळला. सरबताचा घोट घेतला. म्हणाला, "काकी, गिऱ्हाईकाला वासच आवडतो. त्याला कुठे विचारायचंय कशाचा. तुम्ही माल बांधा."

त्या क्षणी मला त्या माणसाची जी किळस आली ती शेडमध्ये कधी आली नव्हती. कोळसा बिचारा पितो कारण त्याला पर्याय नसतो.

सासूबाईंनी फडकं उचललं, टोपलीवर घातलं, कडा खोचल्या आणि टोपली आपल्याकडे ओढून घेतली. "माझ्या हातची म्हणून लोक पोरांना देतील," त्या म्हणाल्या. "मी नाही देणार." व्यापाऱ्याने समजावलं. सासऱ्यांनी आधी हळू, मग त्यांच्या बोलीत जोरात समजावलं, कराराची आठवण करून दिली, राजेळीचं नाव घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. मग नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तोडा केळी." आणि टोपली उचलून मागच्या अंगणात गेल्या.

खड्डा त्यांनीच खणला, मी फावडं घ्यायला गेले तर दिलं नाही. सगळी सुकेळी त्यात ओतली. वर माती टाकली, पायाने दाबली. त्या जागी नंतर बराच काळ नुसतं गवतही धड आलं नाही, असं मला वाटतं. पण माझं बघणंच तेव्हा तसं झालं होतं. मी दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये गेले नाही. शेठ विचारायला आला तेव्हा सासूबाईंनीच त्याला ओसरीवरून परत पाठवलं.

दिवाळीनंतर राजेळी तोडली. केळीचं खोड तोडायला वेळ लागत नाही, एका घावात आडवं होतं, आत नुसतं पाणी. सासूबाई तेव्हा घरात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि प्रत्येक घावाला त्यांचा हात थांबायचा. सासरे संध्याकाळी एक फुटवा हातात घेऊन आले, मुळासकट, म्हणाले विहिरीपाशी लाव. बिचाऱ्यांना वाटलं तेवढ्याने भरून निघेल. सासूबाईंनी तो लावला, पण तो जगला नाही. महिन्याभरात दुसरी शेड उभी राहिली. त्यात शेठने मोठा ड्रायर आणला.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही काही वर्षं बाहेर होतो. परत आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगा झाल्या होत्या, वाडीतली मागची बाजू तेवढी उरली होती. मुंबईहून, कोकणातून आलेली माणसं फ्लॅट घेऊन राहत होती. संध्याकाळी बायका मुलांना घेऊन आमच्या गल्लीतून फिरायला जायच्या. शेठकडे अजून पॉलिशच्या कारखान्याचा कोळसा यायचा, आणि तो ज्या दिवशी ड्रायरमध्ये जायचा त्या दिवशी अख्ख्या गल्लीत तोच घमघमाट. बायका कुंपणापाशी थांबून आत बघायच्या. एकदा एकीने ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना विचारलं, मावशी, अजून केळीची बाग आहे वाटतं तुमची, किती छान वास येतो हो.

सासूबाई उठल्या. आत आल्या आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग माझ्याकडे बघून न्हाणीकडे बोट दाखवलं. मी कुठेही गेले नव्हते, सकाळपासून घरातच होते. तरी मी गेले आणि डोक्यावरून अंघोळ करून आले.